मास्टर्सला जाताना जुन्या कर्जाचे हप्ते थांबवण्याची तयारी

अमेरिकेत पदवी घेऊन पुढे मास्टर्स किंवा पीएचडीला जाणाऱ्या विद्यार्थ्याने जुन्या शैक्षणिक कर्जाची आवराआवर प्रवेश निश्चित होताच हाती घ्यावी. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कर्जाचे हप्ते शिक्षण चालू असेपर्यंत थांबवण्याची सोय, म्हणजे इन-स्कूल डिफरमेंट, बहुतेक वेळा आपोआप लागू होते. मात्र ती खरोखर लागू झाली आहे ना, याची खात्री कर्जदारानेच करून घ्यावी लागते.

सर्वप्रथम स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून प्रत्येक कर्जाचा प्रकार, शिल्लक मुद्दल, व्याजदर आणि सर्व्हिसरचे, म्हणजे हप्ते वसूल करणाऱ्या कंपनीचे, नाव उतरवून घ्यावे. खासगी कर्जे तिथे दिसत नाहीत. त्यांचे नियम ज्याच्या त्याच्या करारात असतात, तेव्हा पुढील शिक्षणासाठी हप्ते थांबतात का आणि एकूण किती काळ थांबतात, हे त्या बँकेकडून लेखी घ्यावे.

त्यानंतर तारखा जुळवाव्यात. सरकारकडून विद्यार्थ्याने स्वतः घेतलेल्या डायरेक्ट सबसिडाइज्ड आणि अनसबसिडाइज्ड कर्जांना शिक्षण सुटल्यापासून 6 महिन्यांचा ग्रेस पिरियड, म्हणजे हप्ते न भरण्याची मुदत, मिळतो. मेच्या मध्यावर पदवी मिळाली, तर तो नोव्हेंबरच्या मध्यावर संपतो. ऑगस्टमध्ये किमान हाफ-टाइम, म्हणजे निम्म्या वेळेचा, प्रवेश घेतला, तर ग्रेस पिरियड वापरलाच गेला नाही असे धरले जाते आणि पुढचे शिक्षण संपल्यावर पूर्ण 6 महिने पुन्हा मिळतात. जानेवारीत सुरुवात करणाऱ्याचे गणित मात्र वेगळे असते: ग्रेस पिरियड आधीच संपलेला असल्याने मधला हप्ता भरावा लागतो आणि मास्टर्स संपताच या जुन्या कर्जाचे हप्ते सवलतीविना सुरू होतात.

वर्ग सुरू झाल्यावर विद्यापीठ आपली नोंदणी कळवते आणि सर्व्हिसर त्यावरून डिफरमेंट लावतो. यात काही आठवडे जाऊ शकतात. तोवर खात्यावर हप्ता देय दिसत असेल तर तो भरावा. 'आता थांबणारच आहे' या भरवशावर सोडून देऊ नये, कारण 90 दिवसांची थकबाकी क्रेडिट ब्यूरोकडे, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थांकडे, नोंदवली जाते. बराच काळ बदल दिसला नाही, तर इन-स्कूल डिफरमेंटचा अर्ज घेऊन त्यावर रजिस्ट्रार कार्यालयाची सही-शिक्का घ्यावा, तो सर्व्हिसरकडे पाठवावा आणि मंजुरीचे पत्र जपून ठेवावे.

सर्वाधिक लक्ष हाफ-टाइम या अटीकडे द्यावे. किती क्रेडिट म्हणजे हाफ-टाइम, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. अडचण बहुधा शेवटी येते: सगळे विषय संपलेले असतात, प्रबंधाचे एक-दोन क्रेडिट उरलेले असतात, विद्यार्थी दिवसभर प्रयोगशाळेत राबत असतो आणि कागदोपत्री मात्र तो हाफ-टाइमच्या खाली गेलेला असतो. काही विद्यापीठे प्रबंधाच्या सत्राला पूर्ण वेळ मानतात, काही मानत नाहीत. म्हणून शेवटच्या वर्षाची नोंदणी करण्यापूर्वीच रजिस्ट्रारला हे विचारावे.

हप्ता थांबला तरी व्याज थांबतेच असे नाही. सबसिडाइज्ड कर्जावरील या काळातले व्याज सरकार भरते. अनसबसिडाइज्ड कर्जावर ते साचत राहते आणि डिफरमेंट संपल्यावर मुद्दलात मिळवले जाते. 20,000 डॉलरच्या अशा कर्जावर 5 टक्के दराने वर्षाला 1,000 डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण 83 डॉलर व्याज होते. दोन वर्षांत मुद्दल 22,000 होते आणि पुढचे व्याज त्यावर लागते. असिस्टंटशिपच्या, म्हणजे विद्यापीठातील सहायक कामाच्या, पैशांतून निदान हे व्याज महिन्याच्या महिन्याला भरता आले तर अवश्य भरावे. डिफरमेंटमध्ये रक्कम भरण्यास काहीच आडकाठी नसते, पण बँक खात्यातून हप्ता आपोआप कापणारे ऑटोपे बंद पडते, तेव्हा रक्कम स्वतः लक्षात ठेवून भरावी लागते.

सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्ण वेळ नोकरी करत शिकणाऱ्यांनी डिफरमेंट घ्यावे की नाही, याचाच आधी विचार करावा. सार्वजनिक सेवेबद्दल मिळणाऱ्या कर्जमाफीसाठी 120 पात्र हप्ते लागतात आणि डिफरमेंटचे महिने त्यात धरले जात नाहीत; अशांना सर्व्हिसरला कळवून डिफरमेंट नाकारता येते.

आईवडिलांनी स्वतःच्या नावावर पेरेंट प्लस कर्ज घेतले असल्यास मूल हाफ-टाइम शिकत असेपर्यंत आणि त्यानंतरचे 6 महिने तेही थांबवता येते, पण त्यासाठीचा अर्ज आईवडिलांनी स्वतः करायचा असतो.