जुनी ॲम्बॅसेडर पुन्हा रस्त्यावर कशी आणावी

विदर्भात जुनी ॲम्बॅसेडर अजूनही सापडते. कुणाच्या वाड्याच्या पडवीत, कुणाच्या संत्राबागेतल्या टिनाच्या शेडखाली, टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर. अशी गाडी पुन्हा चालती करता येते आणि ती करावीच, असं मला मनापासून वाटतं. फक्त नवे भाग कुठे घालायचे आणि कुठे हात लावायचा नाही, हे पाना हातात घेण्याआधी ठरवा. गाडीचं थांबणं, थंड राहणं आणि दिवे-वायरिंग नव्या काळाचं हवं. रूप, दारं आणि डॅशबोर्ड जुनंच राहू द्या. आणि प्रत्येक नवा भाग बोल्टवर बसवा, म्हणजे पुढच्या मालकाला तो काढून मूळ भाग परत लावता येईल.

आधी कागद

पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झाली असतील तर गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. जुलै 2021 मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. अट एवढीच, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मात्र ही गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची.

रोज चालवायची असेल तर साधी नोंदणी ठेवा. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू होतं: आरसीवरच्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे इंजिन बदलायचं असेल तर विकत घेण्याआधी आरटीओची लेखी परवानगी काढा. नागपूर शहराचं कार्यालय एमएच 31, पूर्व नागपूरचं एमएच 49, ग्रामीणचं एमएच 40. भंगारातून घेतलेल्या इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीचं होतं तिचे कागद नसतील, तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

पत्रा तपासा

ॲम्बॅसेडरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून दारांखालची पट्टी म्हणजे सिल, फ्लोअर आणि मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला टांगतात ती जागा, एवढं आधी बघा. मॅटिंग उचला, खाली झोपा आणि जुन्या स्क्रूड्रायव्हरने टोचत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भसकन आत जातो. चुंबकही फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा लपका आहे.

नागपूरची गाडी याबाबतीत मुंबईच्या गाडीपेक्षा नशीबवान. इथल्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो. मरतं ते रबर. दारांच्या बीडिंग, काचांचे रबर, सस्पेन्शनचे बुश, सगळं उन्हाने वाळून चिरलेलं असतं. ते सरसकट नवं घ्या. सिल कापून नवा पत्रा घालायचा असेल तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टीचा आडवा आधार वेल्ड करून घ्या. नाहीतर बॉडी दबते आणि मग दार कधीच नीट लागत नाही.

ब्रेक, इंजिनाच्याही आधी

मिस्त्री म्हणेल, “भाऊ, आधी इंजिन चालू करून पाहू नं!” ऐकू नका. सुरू झालेली गाडी चालवण्याचा मोह आवरत नाही.

गाडी घोड्यांवर म्हणजे लोखंडी टेकूंवर चढवा, चाक आणि ड्रम काढा, व्हील सिलिंडरचं रबरी टोपण बोटाने मागे सारा. आतून तपकिरी ओल आली की सिलिंडर गेला. कोरडा दिसला तरी पिस्टन हलतो का बघा. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीत तो गंजून जागीच धरतो.

जुन्या गाडीत ब्रेकची एकच लाइन असते. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून दोन स्वतंत्र लाइनींचा मास्टर सिलिंडर ही माझ्या मते सगळ्यांत मोलाची नवी वस्तू. पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवायचे असतील तर याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलांचा पूर्ण संच शोधा. एक गोष्ट विसरू नका: ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती तशीच ठेवून डिस्क लावल्या तर पॅड सतत घासतात आणि चाक हात लावता येणार नाही इतकं तापतं. पाइप स्टीलचेच टाका. साधा तांब्याचा पाइप वाकवायला सोपा असतो, पण कंपनांनी कडक होऊन तडकतो.

मागचे पाटे बसले असतील तर नागपूरजवळच्या वाडी गावी जा. ट्रकवाल्यांमुळे तिथे पाट्यांची कामं रोजच होतात.

मे महिन्यासाठी गाडी तयार करा

23 मे 2013 ला नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. जुनी गाडी सिग्नलला उभी राहून उकळते, कारण तिचा पंखा बेल्टवर फिरतो: इंजिन हळू तर पंखाही हळू. रेडिएटर नुसता धुऊन भागत नाही. त्याची मूळ पितळी टाकी ठेवून आतली जाळी जास्त ओळींची बसवून घ्या. त्याला थर्मोस्विचवर चालणारा इलेक्ट्रिक पंखा जोडा. पाण्यात कूलंट घाला, पण झाकण मूळ दाबाचंच ठेवा. जास्त दाबाचं झाकण लावलं की जुने होज आणि हीटरचे सांधे फुटतात. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकायची आपल्याकडे सवय आहे. तसं करू नका, नवा बसवा.

दुसरा त्रास पेट्रोलचा. उन्हात नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या, कार्बोरेटरखाली पत्र्याचं उष्णतारोधक कवच द्या. इलेक्ट्रिक पंप लावणार असाल तर तो मागे, टाकीजवळ आणि खालच्या बाजूला. कार्बोरेटरला साधारण 3 पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप 40 च्या पुढे दाब देतो, तो इथे चालणार नाही. धडक बसली तर पंप बंद करणारा स्विच त्याच वायरीत हवा.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वॉशर, सगळं इथेनॉल चालणारं घ्या.

वायरिंग

त्या काळच्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. जुन्या डायनामोच्या जागी बॅटरी चार्ज करायला जो अल्टरनेटर लावायचा, त्याला मात्र निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं लागतं. जोडणी न बघता लावला तर त्याचे डायोड क्षणात जळतात. आधी बॅटरी, कॉइल आणि अँमीटरची जोडणी उलटी करा, मग डायनामो उतरवा. संथ इंजिनावर डायनामो जवळजवळ चार्जच करत नाही, त्यामुळे वर सांगितलेला पंखा त्याच्या भरवशावर चालणार नाही. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड वायर, हेडलाइटला रिले, आणि जुन्या दोन फ्यूजच्या जागी पूर्ण फ्यूजबॉक्स.

इंजिन

प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी हातानेच फिरवून बघा. फिरलं तर कम्प्रेशन तपासा. एखाद्या सिलिंडरमध्ये दाब कमी असेल तर चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह.

1,489 सीसीचं मूळ इंजिन दुरुस्त होत असेल तर तेच ठेवा. हिंगणा एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये बोअरिंगचं काम होतं. हेड उघडलंच आहे तर कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. शिसं असलेलं पेट्रोल देशात फेब्रुवारी 2000 पासून बंद आहे आणि त्याविना जुन्या सीट झिजतात. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावा. बाहेरून काही कळत नाही.

इंजिन अगदीच संपलं असेल तर इसुझूचं 1,817 सीसीचं इंजिन आणि पाच गिअरची पेटी हा सरळ मार्ग, कारण हिंदुस्थान मोटर्सने नव्वदच्या दशकात ॲम्बॅसेडरमध्ये तेच दिलं होतं. मात्र माउंट, क्लचची जोडणी, प्रोपेलर शाफ्ट, सगळं एकाच गाडीचं घ्या. सुटं सुटं जमवलं की जुळवाजुळवीतच पैसा जातो.

चालवून बघा

पहिली फेरी वस्तीतल्या रिकाम्या रस्त्यावर, फक्त ब्रेकसाठी. मग भर दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत न्या आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. तिथे काटा स्थिर राहिला तरच वर्धा रोडला वेग धरा. 500 किलोमीटरनंतर इंजिन ऑइल बदला, हेडचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवा. काढलेला डायनामो, ड्रम, पॉइंट पुसून, तेल लावून, चिठ्ठी चिकटवून पेटीत ठेवा आणि गाडी विकाल तेव्हा पेटी तिच्यासोबत द्या.