मास्टरांच्या सेमिनारला जाताय? आधी हे वाचा

आमच्या वाशीच्या मॅटवर बाहेरचे मास्टर ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर पकडी लावून खेळायची कुस्ती, शिकवायला येणार म्हटलं की नवी मुलं आठवडाभर त्यांच्या मॅचेस बघत बसतात. बघा, जरूर बघा. पण त्याआधी वही काढा आणि स्पारिंगमध्ये आपण नेमके कुठे अडकतो ते एका ओळीत लिहा. ‘हाफ गार्ड (खाली राहून समोरच्याचा एक पाय आपल्या पायांत अडकवणं) जमत नाही’ एवढंच नको. ‘हाफ गार्डमध्ये समोरच्याने डोकं दाबून धरलं की माझा हात त्याच्या काखेत जातच नाही’ असं लिहा. शेवटी प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा अर्धा हॉल गप्प बसतो. तुमच्याकडे असा प्रश्न तयार असेल तर मास्टर स्वतः मॅटवर आडवे होऊन उत्तर देतात, आणि ती पाच मिनिटं अख्ख्या सेमिनारच्या फीएवढी मोलाची असतात.

गी (जाड सुती पोशाख) घालायची की नो-गी, म्हणजे गीशिवाय, हे आयोजकांना आधीच विचारून ठेवा. पावसाळ्यात जाड गी दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून शुक्रवारीच धुवून पंख्याखाली टाका. कुबट वासाची गी घालून दुसऱ्याच्या छातीवर बसणं हा त्याचा अपमान आहे. हातापायांची नखं कापा. मॅटबाहेर पाऊल टाकताना चप्पल हवीच, बाथरूमला जाताना तर नक्कीच. अंगावर नायट्याचा चट्टा असेल तर घरी थांबा, कितीही वाईट वाटलं तरी.

ठाण्याहून येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीच मेगाब्लॉक बघून ठेवावा. ट्रान्स-हार्बर बंद असेल तर ऐरोलीमार्गे बसने या, पण वॉर्मअपच्या आधी पोचा. सकाळी पोहे, केळं, इतकंच. मामलेदारची मिसळ संध्याकाळी.

सुरुवातीला पट्ट्याच्या क्रमाने रांग लागते. आपली जागा ओळखून उभे राहा. समोर लाल-काळा पट्टा असेल तर एवढं ध्यानात ठेवा: ब्लॅक बेल्ट मिळाल्यावर सातव्या डिग्रीपर्यंत, म्हणजे या पट्ट्यापर्यंत, पोचायला आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमानुसार किमान ३१ वर्षं लागतात.

आता मुख्य गोष्ट. मास्टर बहुतेक वेळा तुम्हाला येणारेच डाव दाखवतात. तेव्हा ‘हे तर येतं’ म्हणून लक्ष उडू देऊ नका. आमच्याकडे एकदा क्लोज्ड गार्डमधून, म्हणजे पाठीवर पडून समोरच्याच्या कमरेला पायांचा विळखा घालून, किमुरा हा खांदा पिळणारा डाव शिकवला. पार्टनरचं मनगट धरलं, दुसरा हात त्याच्या दंडावरून नेऊन आपलंच मनगट पकडलं, इथवर सगळ्यांचं बरोबर होतं. मग सगळे हातांनी ओढायला लागले. मास्टर माझ्याजवळ बसले आणि दोन बोटांनी माझं कोपर माझ्याच बरगडीला चिकटवलं. मग माझं कंबरडं बाजूला सरकवायला लावलं. म्हणाले, आता हात विसर, अंग वळव. मी वळले, आणि माझ्याहून चांगला वीस किलो जड असलेल्या पार्टनरने लगेच टॅप केलं, म्हणजे थाप मारून हार मानली. हात आणि छाती यांत फट नको, खेचायचं ते सगळ्या अंगाने. त्या दिवशी मी एवढंच घरी नेलं आणि माझा आर्मबारही (कोपर ताणायचा डाव) त्यानेच सुधारला.

म्हणून डाव मोजू नका. असा एक बारकावा पकडा आणि बाकीचं सुटलं तर सुटू द्या. मोबाइलवर शूट करत बसलात तर हा बारकावा हमखास निसटतो, कारण तो दिसण्यापेक्षा अंगाला जाणवतो. शूटिंग करायचंच असेल तर परवानगी घेऊन, शेवटच्या उजळणीचं करा.

पार्टनर साधारण आपल्याच वजनाचा आणि ऐकून घेणारा निवडा. मुलींनी हे आयोजकांशी आधीच बोलून ठेवावं, त्यात संकोच कसला? आखाड्यातून आलेल्या मल्लांना पाठ टेकवणं जिवावर येतं, पण इथे पाठीवरूनच निम्मा खेळ चालतो, तेव्हा निःसंकोच आडवे व्हा. आणि किमुरा हळू लावा. १९५१ साली रिओत जपानी जुदोपटू मासाहिको किमुरा यांनी ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या जनकांपैकी एक, एलिओ ग्रेसी यांना याच पकडीत धरलं होतं. एलिओ टॅप करेनात, शेवटी त्यांचे भाऊ कार्लोस यांनी लढत थांबवली. तुमच्या कोपऱ्यात कार्लोस उभे नसतात. खांद्याला ताण जाणवला की लगेच टॅप करा, हात अडकला असेल तर तोंडाने ‘टॅप’ म्हणा.

मास्टरांबरोबर रोल, म्हणजे स्पारिंग, करायची संधी मिळाली तर वहीतल्या त्या अडचणीच्या जागेवरूनच सुरू करायची विनंती करा. जिंकायच्या मागे लागू नका, त्यांचं वजन कुठे पडतंय ते अंगावर घ्या.

परतीच्या लोकलमध्ये सीट मिळो न मिळो, तो बारकावा फोनमध्ये टिपून ठेवा, आपल्या शब्दांत. पुढच्या क्लासला दहा मिनिटं लवकर जा, सेमिनारला येऊ न शकलेल्या एखाद्या व्हाइट बेल्टला तो दाखवा आणि त्याच्याकडून तुमच्यावर करून घ्या. तो जिथे चुकेल तिथे तुमच्याही डोक्यात अजून गोंधळ आहे, असं समजा. तेवढाच भाग पुन्हा घोटा.