मणक्याच्या ऑपरेशननंतर नस चिकटू नये म्हणून काय करावे

ऑपरेशनच्या जागी आत व्रण तयार होणारच. जखम भरण्याची शरीराची ती रीतच आहे. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. त्रास होतो तो पायाकडे जाणारी नस त्या व्रणात अडकली तर. म्हणून व्रण टाळण्यापेक्षा नस हलती ठेवण्याकडे लक्ष द्या.

१. ऑपरेशनआधी सिगारेट, तंबाखू बंद करा. निकोटिनमुळे रक्तपुरवठा घटतो आणि जखम नीट भरत नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. नसेभोवती चरबीचा तुकडा किंवा जेल ठेवणार का, हे सर्जनना जरूर विचारा. पण त्यावर फार भिस्त ठेवू नका, त्याचा खात्रीशीर फायदा सिद्ध झालेला नाही.

२. सर्जननी परवानगी दिली की चालायला लागा. एकदम लांब जाऊ नका. दिवसातून चार-सहा वेळा, पाच-दहा मिनिटे पुरेत. तासन्‌तास बसून राहू नका.

३. नस सरकवण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. साधारण असा: उताणे झोपा. एका पायाची मांडी दोन्ही हातांनी मागून धरून पोटाकडे आणा. आता गुडघा हळूहळू सरळ करा. पोटरीत किंवा मांडीमागे हलका ताण जाणवला की तिथेच थांबून लगेच सैल सोडा. असे दहा वेळा करा. ताण धरून ठेवायचा नाही, नुसती ये-जा करायची. झटका बसला, मुंग्या आल्या किंवा नंतर कळ रेंगाळली तर जोर जास्त झाला. गुडघा कमी सरळ करा. ऑपरेशनमध्ये मज्जारज्जूचे आवरण फाटले असेल किंवा स्क्रू घातले असतील तर सर्जनना विचारल्याशिवाय हा व्यायाम करूच नका.

४. टाके निघून जखम पूर्ण सुकल्यावर वरच्या व्रणाला हलका मसाज करता येतो. त्याने कातडी मऊ होते, आतल्या नसेपर्यंत मात्र तो पोचत नाही. जखमेतून पू आला किंवा ताप चढला तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

५. काही महिन्यांनी पायातली कळ परतली तर व्रणच असेल असे धरून बसू नका; दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) पुन्हा सरकलेली असू शकते. कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचे, चित्र उजळवणारे औषध) देऊन केलेल्या एमआरआयमध्ये व्रण उजळतो, सरकलेली गादी सहसा उजळत नाही, त्यामुळे फरक कळतो. नुसता व्रण काढण्यासाठी पुन्हा ऑपरेशनची घाई करू नये, कारण त्यातून नवा व्रण तयार होतो.

लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच क्षणी इमर्जन्सी विभाग गाठा.