लाईट गेली आणि फाइलमध्ये कचरा आला: जर्नलिंग फाइल सिस्टममधला बग कसा पकडायचा

पावसाळा लागला की गोव्यात लाईट जाणं नवीन नाही, फोंडा, डिचोली, सत्तरी कुठेही विचारा, आणि बहुतेक वेळा लिनक्सचा पीसी परत चालू केला की सगळं जागच्या जागी असतं कारण जर्नल, म्हणजे बदल डिस्कवर पक्के करण्याआधी फाइल सिस्टम ज्यात नोंदवून ठेवते ती वही, आपलं काम करून मोकळं होतं. पण कधीतरी असं होतं की बिलांची फाइल उघडली तर आत भलत्याच फोल्डरमधली फाइलींची नावं, आणि एफएससीके (फाइल सिस्टम तपासणारी कमांड) मात्र सांगतो सगळं क्लीन आहे. असा बग कसा शोधायचा ते लिहितोय, फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणाऱ्या ज्या पोरांना कर्नलमध्ये हात घालायचाय त्यांनी तर नक्की वाचा. उदाहरण ईएक्सटी४ ह्या लिनक्सच्या फाइल सिस्टमचं घेतलंय, त्याचं जर्नलिंग जेबीडी२ नावाच्या वेगळ्या भागात आहे.

पहिलं काम, मशीन बंद करा आणि पेनड्राइव्हवरून बूट करून डीडी कमांडने अख्ख्या पार्टिशनची इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, काढा. डिस्क माउंट करू नका, रीड-ओन्ली पण नको, कारण ईएक्सटी४ रीड-ओन्ली माउंट करतानासुद्धा जर्नल रिप्ले करतं, म्हणजे त्यातल्या नोंदी डिस्कवर परत लिहितं, आणि पुरावा बदलतो. यापुढे जे काय करायचं ते इमेजच्या कॉपीवर.

आता डीबगएफएस ह्या ईएक्सटी४ च्या आतलं दाखवणाऱ्या टूलमध्ये इमेज उघडा आणि जर्नल छापणारी लॉगडम्प कमांड चालवा. रिप्ले होऊन गेला असेल तर कॅपिटल ओ वाला ऑप्शन द्या, तो जुन्या ट्रान्झॅक्शनपण (एकत्र नोंदवलेल्या बदलांचे गट) दाखवतो. प्रत्येक ओळीत सीक्वेन्स नंबर आणि टाइप दिसेल: १ म्हणजे डिस्क्रिप्टर (पुढे कुठल्या ब्लॉकच्या कॉपी आहेत त्याची यादी), २ म्हणजे कमिट (ट्रान्झॅक्शन पूर्ण झाल्याची खूण), ५ म्हणजे रिव्होक (ह्या ब्लॉकची जुनी कॉपी रिप्ले करू नका अशी नोंद). खराब फाइलचा ब्लॉक नंबर काढा आणि फक्त तेवढाच ब्लॉक जर्नलमध्ये कुठे कुठे आलाय ते बघा.

इथे जरा थांबून समजून घ्या, सगळी मजा इथेच आहे. समजा ब्लॉक ५००० आधी एका डिरेक्टरीचा होता, त्यामुळे तो जर्नलमध्ये लिहिला गेला. मग डिरेक्टरी डिलीट झाली, ब्लॉक मोकळा झाला आणि तोच तुमच्या बिलांच्या फाइलला मिळाला. डिफॉल्ट ऑर्डर्ड मोडमध्ये फाइलचा डेटा जर्नलमध्ये जात नाही, थेट डिस्कवर जातो. आता लाईट गेली, आणि रिप्ले करताना कर्नलला जर्नलमध्ये ५००० ची जुनी डिरेक्टरीवाली कॉपी सापडली आणि त्याने ती इमानदारीत नव्या डेटावर लिहून टाकली! हे होऊ नये म्हणून ब्लॉक मोकळा करताना रिव्होक रेकॉर्ड लिहायचा असतो, आणि रिकव्हरी तीन फेऱ्यांत चालते, आधी स्कॅन, मग रिव्होक गोळा करणं, मग रिप्ले. तेव्हा ५००० चा डिस्क्रिप्टर आहे, नंतर ब्लॉक मोकळा झालाय, आणि टाइप ५ कुठेच नाही, असं दिसलं तर संशयित सापडला.

पण कोडला दोष द्यायच्या आधी माउंट ऑप्शन बघा. बॅरियर, म्हणजे डिस्कला ठरलेल्या क्रमाने लिहायला लावणारी सोय, बंद केलेत का? डिस्कची कॅश फ्लश झाली नाही तर कमिट ब्लॉक आधी आणि बाकीचे ब्लॉक नंतर डिस्कवर पोचू शकतात, तिथे कुठलाच पॅच कामाचा नाही.

बग परत परत घडवता येत नाही तोवर कोडला हात लावू नका, ह्यावर माझं मत पक्कं आहे. बरेच जण क्यूईएमयू (कॉम्प्युटरमध्ये दुसरा खोटा कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवणारा प्रोग्राम) चालवून व्हीएम किल करतात आणि म्हणतात लाईट घालवून बघितली, पण तसं होत नाही, कारण गेस्टने (व्हीएमने) डिस्कवर लिहिलेलं होस्टच्या, म्हणजे खऱ्या मशीनच्या, मेमरीत पोचलेलं असतं आणि होस्ट जिवंत असतो, म्हणजे हरवलं काहीच नाही. त्यापेक्षा कर्नलमधलंच डीएम-लॉग-राइट्स वापरा. तो प्रत्येक राइट आणि फ्लश क्रमाने नोंदवतो, मग तुम्ही कुठल्याही फ्लशपर्यंत डिस्क परत उभी करून, स्नॅपशॉटवर माउंट करून तपासू शकता. आपल्या बगमध्ये नुसता एफएससीके पुरत नाही, तो डेटा बघत नाही, म्हणून फाइलींचे चेकसमपण (मजकुरावरून काढलेला आकडा, मजकूर बदलला की तोही बदलतो) ताडून बघा. हे तासन्‌तास चालतं, चवथीला गावी जाताना लावून गेलात तरी चालेल.

जुन्या कर्नलवर बग येत नसेल तर गिट बायसेक्ट करा, तो मधोमधचे कोड तपासत बग आणणारा बदल शोधतो, आणि हजार कमिट (इथे कोडमधले बदल, जर्नलमधले नव्हेत) असले तरी साधारण दहा टप्प्यांत काम होतं. स्टेबल कर्नल असेल तर बॅकपोर्टवर, म्हणजे नव्या कर्नलमधून जुन्यात आणलेल्या पॅचवर, जास्त लक्ष ठेवा. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ चा डेटा करप्ट होत होता, कारण एक पॅच मागे आणला पण तो ज्या दुसऱ्या बदलावर उभा होता तो आणलाच नव्हता, आणि डेबियन ह्या लिनक्सला आपली १२.३ आवृत्ती थांबवून थेट १२.४ काढावं लागलं.

फिक्स स्वतः बहुतेक वेळा दोन-चार ओळींचा असतो. ब्लॉक मोकळा करणाऱ्या प्रत्येक वाटेवर रिव्होक होतोय का ते बघा, खास करून एरर आल्यावर कोड जिथून बाहेर पडतो तिथे, आणि रिव्होक वाढवलात की हँडलला (चालू ट्रान्झॅक्शनमधला आपला हिस्सा) तेवढे क्रेडिट, म्हणजे जर्नलमध्ये आधीच राखून ठेवलेली जागा, मागितलेत का तेही. रिकव्हरीच्या कोडमध्ये एखादा इफ टाकून लक्षण दाबू नका, रेकॉर्ड जिथे लिहायचा राहिला तिथेच लिहा.

मग तीच डीएम-लॉग-राइट्सची टेस्ट परत, त्यानंतर फाइल सिस्टमच्या चाचण्यांचा एक्सएफएसटेस्ट्स हा संच, आणि १ केबी ब्लॉक साइज आणि डेटा-जर्नल मोडमध्येपण चालवा कारण तिथे वेगळे रस्ते वापरले जातात. पॅच पाठवताना त्याची मांडणी तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवा, बग कसा घडवायचा ते मेसेजमध्ये सविस्तर लिहा आणि बायसेक्टमध्ये सापडलेल्या कमिटचा हॅश फिक्सेस टॅगमध्ये टाका, म्हणजे कुठल्या कुठल्या जुन्या कर्नलमध्ये हा पॅच न्यायचा ते स्टेबलवाल्यांना शोधत बसावं लागत नाही.