पहिल्या रेटिंग स्पर्धेसाठी कारो-कान बचावाची तयारी

नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बटुमी येथे बुद्धिबळातील महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर किताबही मिळवला. त्यामुळे पाल्याला प्रथमच रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचे गुणांकन) स्पर्धेत उतरवणारे नागपुरातील पालक आता काळ्या मोहऱ्यांसाठी कोणती ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची पद्धत, शिकवावी, असे आवर्जून विचारतात. पांढऱ्याने ई४ (राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे) खेळल्यास माझे उत्तर कारो-कान हेच असते. सिसिलियनचा (ई४ ला सी५ ने उत्तर देणाऱ्या बचावाचा) मोह सुरुवातीला आवरावा, कारण तेथे पाठांतर फार लागते.

पहिल्या चाली अशा आहेत: १. ई४ सी६ २. डी४ डी५. सी६ वरील प्यादे डी५ ला आधार देते आणि पांढऱ्या घरांवरून चालणाऱ्या उंटाची वाटही मोकळी राहते. तो उंट बाहेर आल्याशिवाय शक्यतो ई६ खेळू नये, हे मुलाला चालींच्या आधी समजावून सांगावे.

पांढऱ्याने तिसऱ्या चालीत घोडा सी३ वर आणल्यास डी५ च्या प्याद्याने ई४ वरील प्यादे मारावे आणि घोड्याने ते परत मारताच उंट एफ५ वर आणावा. घोडा जी३ वर येऊन उंटावर चालून आला, की उंट जी६ वर न्यावा. आता पांढरा एच४ खेळेल. एच५ खेळून उंट पकडण्याचा हा डाव असल्याने ताबडतोब एच६ खेळून एच७ हे घर मोकळे करावे, अन्यथा फार तर एका प्याद्याच्या मोबदल्यात उंट गमवावा लागतो.

चौथ्या चालीत उंटाऐवजी घोडा डी७ वर नेणेही योग्य आहे. मात्र पांढऱ्याने वजीर ई२ वर आणल्यानंतर दुसरा घोडा एफ६ वर आणल्यास पांढऱ्याचा घोडा डी६ वर येऊन थेट मात देतो, कारण ई७ चे प्यादे राजासमोर बांधले गेलेले असते (ते हलले की वजिराचा राजाला शह बसतो). ही मात पटावर मांडून मुलालाच शोधू द्यावी.

तिसऱ्या चालीत ई५ आल्यास आधी उंट एफ५, मग ई६ आणि संधी मिळताच सी५ हा क्रम ठेवावा. पांढऱ्याने डी५ वरील प्यादे मारल्यास सी-प्याद्यानेच परत मारावे.

सरावाच्या वेळी घड्याळ लावावे आणि प्रत्येक चाल खेळल्यावर लगेच लिहायला लावावी. हात लावलेले मोहरे हलवावेच लागते, हा नियमही घरापासूनच पाळावा.