नेपाळच्या खेड्यात स्वयंसेवेला जायचे असेल तर

माझे घर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आहे. वयाच्या चोविसाव्या वर्षी, मे महिन्याच्या मध्यापासून पुढचे सात आठवडे, मी नेपाळच्या लमजुंग जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावात स्वयंसेवक म्हणून राहिले. परत आल्यापासून अनेक मुलेमुली मला तयारीविषयी विचारतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न खर्चाचा किंवा सामानाचा असतो. माझ्या मते तयारीची सुरुवात त्याच्याही आधी करावी लागते. भटकण्याची ओढ आणि उपयोगी पडण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निघण्यापूर्वी त्या एकमेकींपासून सोडवून पाहिल्या पाहिजेत. एका कागदावर स्वतःला प्रश्न लिहून विचारावा: तिथे माझ्यासाठी काहीच काम नाही असे आज कळले, तरी मला जावेसे वाटेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर सरळ पाहुणा म्हणून जावे, पैसे मोजून एखाद्या घरी राहावे आणि डोंगर पाहावेत. स्याङ्जा जिल्ह्यातल्या सिरुबारी गावाने 1997 पासून अशी घरगुती निवासाची सोय केली आहे, लमजुंगमधल्या घलेगावातही ती आहे, आणि अशा पाहुण्याचे पैसे गावातच राहतात. त्यात कमीपणा मुळीच नाही.

काम करायचेच असेल, तर ते कोणी मागितले आहे का, हे आधी पाहावे. हा धडा मला घरातच मिळाला होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा माझी आजी त्याच भागात राहत होती. बाहेरून आलेल्या माणसांविषयी ती आजही अत्यंत कृतज्ञतेने बोलते. मात्र तिच्या आठवणीत नावानिशी राहिली ती माणसे आधी शेजारी बसून ‘तुम्हाला काय हवे आहे’ असे विचारणारी होती. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 रोजी गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ केंद्र असलेला 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसे दगावली आणि लाखो घरे पडली. पुढे पुनर्बांधणीसाठी सरकारने प्रत्येक पात्र कुटुंबाला तीन लाख नेपाळी रुपये हप्त्याहप्त्याने दिले आणि घर ज्याचे त्याने उभारायचे, असे ठरले. त्या वेळी उणीव होती ती भूकंपरोधक बांधकाम शिकलेल्या गवंड्यांची. दगड वाहायला उत्साहाने आलेला परका तरुण ती उणीव भरून काढू शकत नव्हता.

म्हणून आपल्याला नेमके काय येते, याची प्रामाणिक यादी करावी. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. तरीही सुरुवातीला गावच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याचे ठरवून गेले, आणि तिथेच चुकले. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की माझ्या तासासाठी तिथल्या शिक्षिकेला स्वतःचा तास सोडावा लागतो, आणि मी निघून गेल्यावर अर्धवट राहिलेला धडा तिलाच पुन्हा घ्यावा लागणार आहे. मी तिची क्षमा मागून थांबले. त्यानंतर गावच्या आमा समूहाने, म्हणजे स्त्रियांच्या गटाने, बचतीचे हिशेब संगणकावर चढवून देशील का, असे विचारले. हे काम मला येत होते. शिवाय नेपाळी भाषाही देवनागरीतच लिहिली जात असल्यामुळे त्यांच्या वह्या मला अक्षर न् अक्षर वाचता येत होत्या. दुसऱ्या देशातून आलेल्या स्वयंसेवकाला हे सहज जमले नसते. अडचण आली ती तारखांची. नेपाळचा सगळा व्यवहार विक्रम संवतानुसार चालतो, त्यातले काही महिने 32 दिवसांचे असतात, आणि आर्थिक वर्ष असार महिन्याच्या अखेरीस, म्हणजे जुलैच्या मध्यावर संपते. वर्षअखेरची ‘32 असार’ ही नोंद संगणक तारीख म्हणून स्वीकारीना. शेवटी वर्ष, महिना आणि दिवस यांचे तीन वेगळे रकाने केले आणि प्रश्न सुटला. असे काम हाती घेणाऱ्याने एक पथ्य पाळावे: पहिल्या दिवसापासून गावातल्याच एखाद्या व्यक्तीला शेजारी बसवावे आणि शेवटचे दोन आठवडे कळफलकाला स्वतः हात लावू नये. बारावी झालेल्या एका मुलीने ती वही शेवटचा पंधरवडा एकटीने सांभाळली, तेव्हाच मी काम पूर्ण झाले असे मानले.

अनाथाश्रमात सेवा करायला जाऊ नये. हे मी जाणूनबुजून कडक शब्दांत लिहीत आहे, कारण काठमांडू आणि पोखऱ्यात येणाऱ्या परदेशी तरुणांपुढे हाच पर्याय सर्वांत आधी ठेवला जातो. नेपाळच्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई-वडील किंवा त्यांपैकी एक जण हयात असतो, असे युनिसेफसह अनेक संस्था सांगत आल्या आहेत. हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून शिक्षणाचे आमिष दाखवून मुले आणली गेली, कारण पाहुणे आणि देणग्या मुलांना पाहून येतात. दर तीन आठवड्यांनी नवी ताई किंवा दादा येऊन माया लावतो आणि निघून जातो, तेव्हा त्या मुलाच्या मनाला होणारी इजा आपल्या छायाचित्रांत दिसत नाही. लहान मुलांवर खरोखर प्रेम असेल, तर त्यांना त्यांच्या घरी ठेवण्यासाठी झटणाऱ्या संस्थेला मदत करावी.

संस्था निवडताना ती जिल्हा प्रशासन कार्यालयात नोंदलेली आहे का आणि समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का, हे विचारावे. शुल्क मागितले, तर त्यातले किती यजमान कुटुंबाला मिळते याचे लेखी उत्तर मागावे. ते देण्यास जो कचरतो, त्याच्याकडे जाऊ नये. आपल्या जागी गावातल्या कोणाला पगारावर नेमता आले असते का, हा प्रश्नही विचारावा, जरी त्याचे उत्तर आपल्याला गैरसोयीचे असले तरी.

कागदपत्रांच्या बाबतीत भारतीयांना नेपाळ फार सोपे आहे. व्हिसा लागत नाही, पारपत्र किंवा निवडणूक ओळखपत्र पुरते. याच समजुतीने इतर देशांत मात्र जाऊ नये, कारण अनेक ठिकाणी पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही करता येत नाही. न्यूझीलंडमध्ये जेवण आणि निवाऱ्याच्या मोबदल्यात केलेले शेतकाम रोजगारच समजले जाते. मी मुंबईहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सुमारे शंभर किलोमीटरवरची सुनौली सीमा, आणि पुढे भैरहवा, नारायणगढ, मुग्लिन, डुम्रे असा बसचा प्रवास करून लमजुंगचे मुख्य ठिकाण असलेल्या बेसीसहरला पोहोचले. पावसाळ्यात नारायणगढ ते मुग्लिन हा टप्पा दिवसाउजेडीच पार करावा, आणि रस्ता बंद असेल तर मुकाट्याने मुक्काम करावा. 12 जुलै 2024 च्या पहाटे याच रस्त्यावर सिमलताल येथे दरड कोसळून दोन बस त्रिशुली नदीत वाहून गेल्या. शंभर भारतीय रुपयांचे 160 नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. खेड्यात रोख रक्कम जवळ असावी. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे.

भाषा थोडी तरी शिकून जावी. लिपी एक असल्याचा आनंद पहिल्या दिवशी होतो, आणि शब्दांचे अर्थ बदलतात हे दुसऱ्या दिवशी समजते. मला पहिल्यांदा कोणी ‘बहिनी’ म्हणून हाक मारली तेव्हा मला ती ‘वहिनी’ अशी ऐकू आली. तो शब्द धाकट्या बहिणीसाठी आहे. वडीलधाऱ्यांना ‘तपाईं’ म्हणावे, थोरल्या स्त्रीला ‘दिदी’ आणि आईच्या वयाच्या स्त्रीला ‘आमा’. वाटेत भेटणारा माणूस ‘भात खानुभयो?’ असे विचारतो, ती ख्यालीखुशालीची चौकशी असते. सकाळचे मुख्य जेवण दहाच्या सुमारास होते, आणि ताटात पुन्हा भात पडू नये असे वाटल्यास ‘पुग्यो’ म्हणायचे, म्हणजे आपले ‘पुरे’. जुठो, म्हणजे उष्टे, फार कसोशीने पाळतात, त्यामुळे पाण्याच्या भांड्याला तोंड लावू नये आणि विचारल्याशिवाय चुलीजवळ जाऊ नये. आपल्याकडे जुन्या घरांत वाढलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

भाताच्या लावणीच्या दिवसांत गेल्यास शेतात उतरावे. असारच्या पंधराव्या दिवशी, जूनच्या शेवटी, लावणी करणारी माणसे दही-चिउरा, म्हणजे दही-पोहे खातात आणि एकमेकांवर चिखल उडवतात. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे ‘पर्म’ नावाची पद्धत आहे: आज तुम्ही माझ्या शेतात राबायचे, उद्या मी तुमच्या. आपल्याकडच्या सावडीसारखीच ती आहे, आणि सावडीत घेतलेला दिवस फेडावा लागतो. यजमान आमांनी मला लावणी शिकवण्यात आणि माझी वेडीवाकडी रोपे पुन्हा लावण्यात जेवढा वेळ घालवला, तेवढा माझा उपयोग त्यांना झाला नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी डोको, म्हणजे बांबूची टोपली, पाठीवर घेऊन, नाम्लोचा पट्टा कपाळावर अडकवून गुरांचा चारा आणू लागले. ते काम मला नीट जमत होते, आणि त्यामुळे त्यांची एक खेप वाचत होती.

घराची आठवण येईल, याची तयारी ठेवावी. मला ती तिसऱ्या आठवड्यात आली, पाऊस सुरू झाला आणि मातीचा वास आला तेव्हा. आमांना ते समजले, आणि त्या रात्री चुलीपाशी त्यांनी आपल्या मुलाविषयी पहिल्यांदा सांगितले. तो पुण्यात एका हॉटेलात स्वयंपाकघरात काम करतो आणि दोन वर्षांत घरी आलेला नव्हता. गावातल्या बहुतेक घरांतले तरुण असेच बाहेर गेले होते: कोणी कतारला, कोणी मलेशियाला, कोणी भारतात. परमुलखात नोकरीला गेलेल्याला नेपाळीत ‘लाहुरे’ म्हणतात, कारण एके काळी डोंगरातले तरुण लाहोरला रणजितसिंहांच्या फौजेत भरती व्हायला जात. मी आवडीने सोडलेले घर आणि त्या मुलाने गरजेपोटी सोडलेले घर, यांतले अंतर मला त्या रात्री समजले. जाणाऱ्या प्रत्येकाने यजमानांच्या घरातले कोण कुठे गेले आहे, हे आस्थेने विचारावे. आपण राहतो ती खोली बहुधा त्याचीच असते.

निघताना भेटवस्तूंचे वाटप करू नये. उलट, कोणाला भारतात काही पोहोचवायचे आहे का, हे विचारावे आणि बॅगेत त्यासाठी जागा ठेवावी. आमांनी मुलासाठी गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, दिला होता. त्याचा वास कपड्यांना लागतो, म्हणून दुहेरी पिशवीत बांधून वेगळा ठेवावा, आणि पावसाळ्यात तो दमट होऊ नये म्हणून शक्य तितक्या लवकर पोहोचवावा. मी घरी लातूरला जाण्यापूर्वी पुण्याला उतरले. दुपारच्या सुट्टीत तो हॉटेलच्या मागच्या दाराशी आला, पिशवी उघडून त्याने वास घेतला आणि मला विचारले, ‘बहिनी, गोठ्याचे छप्पर यंदा गळते आहे का?’ मी रोज संध्याकाळी त्याच गोठ्यात चारा टाकत होते, त्यामुळे उत्तर देऊ शकले: उत्तरेकडच्या कोपऱ्यात गळते, आणि आमांनी तिथे पत्र्याचा तुकडा लावला आहे.