कोल्हापूरची चिठ्ठी, निपाणीत गोळ्या मिळेनात

लक्षण: अल्प्राझोलम (चिंता, घबराटीवरची गोळी) पहिल्या महिन्यात मिळालं, पुढच्या महिन्यात त्याच चिठ्ठीवर कर्नाटकातल्या निपाणीचा मेडिकलवाला म्हणतो, ‘महाराष्ट्राची चिठ्ठी चालत नाही.’ रिकामी स्ट्रिप, मोबाईलवरचा फोटो, चिक्कोडीतलं दुसरं दुकान, सगळं करून झालं. डोकं फिरायची वेळ.

खरी अडचण राज्याची नव्हतीच. हे औषध शेड्यूल एच-1 मधलं, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतलं. दुकानदाराला रुग्ण, डॉक्टर आणि दिलेल्या गोळ्यांची नोंद 3 वर्षं ठेवावी लागते. शिवाय देशभर लागू असलेल्या औषध नियमांतल्या नियम 65 प्रमाणे ‘पुन्हा द्यावे’ असं लिहिलं नसेल तर चिठ्ठी एकदाच चालते.

उपाय म्हणजे नवी चिठ्ठी. डॉक्टरांकडून या क्रमाने लिहून घ्या: तारीख, रुग्णाचं नाव आणि पत्ता, औषधाचं जेनेरिक नाव सुट्या अक्षरांत, गोळीची ताकद, डोस, एकूण गोळ्या (नुसतं ‘0-0-1’, म्हणजे फक्त रात्री एक, पुरत नाही, इथेच बहुतेक चिठ्ठ्या अडतात), मग ‘आणखी 2 वेळा, दर 30 दिवसांनी’, शेवटी सही आणि नोंदणी क्रमांक.

दुकानात पोऱ्याला नव्हे, फार्मासिस्टला मूळ कागद द्या. शिक्का, तारीख आणि बिल घ्या. साठा कमी असेल तर किती गोळ्या दिल्या ते चिठ्ठीवरच लिहून घ्या, नाहीतर उरलेल्या गोळ्यांसाठी दुसरं दुकान पुन्हा अडवतं.